बाईंचं थांबणं

बाईंनी फळ्यावरची पिवळी चिठ्ठी नखाने सोलून काढली, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि ती सगळ्यात खालच्या रांगेत, सगळ्या चिठ्ठ्यांच्या शेवटी, अंगठ्याने दाबून चिकटवली.

"पुन्हा वर चढली होती?" संगणकावरून मान न वळवता दाढीवाल्याने विचारलं.

"पुन्हा."

"तिला पाय फुटलेत, बाई."

"पाय नाही, हात लागलेत. आणि ते कुणाचे, तेही मला ठाऊक आहे."

चिठ्ठीवर एकच शब्द होता: घड्याळ.

लहान मुलांना गणित शिकवणारं ॲप या खोलीत तयार होत होतं. पडद्यावर बेरीज यायची, मुलाने उत्तराला बोट लावायचं, एवढंच. घड्याळ म्हणजे त्या बेरजेशेजारी एक गोल दिसेल, तो हळूहळू भरत जाईल, आणि भरला की उत्तर आलेलं असो वा नसो, पुढची बेरीज समोर येईल. विक्रीप्रमुखांचं म्हणणं, घड्याळाशिवाय मजा नाही आणि मजेशिवाय गिऱ्हाईक नाही. बाईंचं म्हणणं, मूल म्हणजे शर्यतीचा घोडा नव्हे.

आणि इथे म्हणणं बाईंचं चालायचं. भिंतीवरच्या फळ्यावर लावलेल्या चिठ्ठ्या म्हणजे पुढची कामं. वरची आधी, खालची नंतर, अगदी तळातली बहुधा कधीच नाही. कुठली चिठ्ठी कुठे बसेल हे ठरवण्याचा अधिकार एकट्या बाईंचा. त्या हुद्द्याला प्रॉडक्ट ओनर म्हणतात, हे शाळेतून निवृत्त होऊन इथे येईपर्यंत त्यांच्या गावीही नव्हतं.

पहिल्या दिवशी छोटीने त्यांना समजावलं होतं. छोटी म्हणजे चमूच्या कामाची शिस्त सांभाळणारी मुलगी; तिच्या हुद्द्याचं नाव स्क्रम मास्टर. बाई तेव्हा हसून म्हणाल्या होत्या, "म्हणजे उभा जन्म मास्तरकी केली मी, आणि मास्टर झालीस तू." छोटीही हसली होती. मग तिने बोटांवर मोजल्यासारखं सांगितलं होतं, "काय करायचं ते तुम्ही ठरवायचं, बाई. कसं करायचं ते आम्ही. आणि मधेच कुणी येऊन 'माझं तेवढं आधी करा' म्हणालं, तर त्याला नाही म्हणायचं. तेही तुम्हीच."

"नाही म्हणायचा पगार मिळतो?" बाई म्हणाल्या होत्या. "मी तर इतकी वर्षं फुकटच म्हणत आले."

छोटीने आणखीही एक गोष्ट सांगितली होती. ॲप ज्यांच्यासाठी आहे, त्यांना अधूनमधून बोलवायचं, त्यांच्या हातात द्यायचं आणि बघायचं. तेवढी मात्र बाईंनी कानाआड केली. छोटी दर काही दिवसांनी तो विषय काढायची आणि बाई दर वेळी तेच उत्तर द्यायच्या, "मुलं? अगं, मुलांबद्दल मला विचार. त्यांना कशाला विचारतेस? घोड्याला विचारून कुणी नाल ठोकतं का?"

शर्यतीच्या बाबतीत मूल घोडा नव्हतं. नालेच्या बाबतीत होतं. ही विसंगती त्या खोलीत कुणाच्या लक्षात आली नाही, बाईंच्या तर नाहीच.

बाईंना या खुर्चीवर बसवलं होतं ते कंपनीच्या मालकांनी. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. बाईही चारचौघांत साहेबच म्हणायच्या, पण म्हणताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू असायचं, कारण हे साहेब एके काळी त्यांच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसत. सगळा वर्ग त्याला गोगलगाय म्हणायचा. बेरीज विचारली की उभा राहायचा आणि नुसता उभाच राहायचा. इतर शिक्षक वैतागायचे, एक मारकुट्या बाई तर छडीच उगारायच्या. या बाईंनी कधी आवाज चढवला नाही. त्या थांबायच्या. हसऱ्या चेहऱ्याने, त्याच्यावरची नजर न काढता, उत्तर येईपर्यंत. आणि उत्तर यायचं. उशिरा, पण यायचं, आणि बरोबर यायचं.

ही गोष्ट बाईंनी इतक्यांदा सांगितली होती, की घरी त्यांचे यजमान 'गोगलगाय' एवढं ऐकलं की वर्तमानपत्र उघडून बसायचे. पण बाई रुजू झाल्या त्या दिवशी साहेबांनी स्वतः, सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं, "या बाई भेटल्या नसत्या, तर मी आज इथे नसतो. ॲपमध्ये काय येईल आणि काय नाही, हा शब्द यापुढे बाईंचा. माझाही नाही." त्या संध्याकाळी बाई घरी गेल्या आणि चप्पल पायातच ठेवून बराच वेळ खुर्चीत बसून राहिल्या. माणसाने जन्मभर जे केलं, ते बरोबर होतं असं सांगणारं कुणीतरी मिळायला नशीब लागतं.

म्हणून तर ॲपमध्ये त्यांनी सगळ्यात आधी, सगळ्यात वर, थांबणंच ठेवलं होतं.

दोन आठवड्यांचं काम संपलं की ते सगळ्यांना दाखवायचं, अशी पद्धत होती. त्या दुपारी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर बेरीज उमटली आणि तिच्याशेजारी एक चित्रातली बाई आली. गोल चेहरा, केसांचा अंबाडा, बारीक काडीचा चष्मा. चमूने ती कुणावरून काढली, हे सांगायची गरज नव्हती. दाढीवाल्याने मुद्दाम उत्तर दिलं नाही. चित्रातली बाई समोर बघत राहिली. पापणी लवली, पण नजर हलली नाही. हसू होतं तसंच राहिलं.

"बघा," दाढीवाला अभिमानाने म्हणाला, "दिवसभर असंच ठेवलं तरी ती इकडेतिकडे बघणार नाही. त्या डोळ्यांवर फार घाम गाळलाय आम्ही."

"अगदी असंच हवं होतं," बाई म्हणाल्या. "मुलाला कळलं पाहिजे, कुणीतरी आपल्यासाठी थांबलंय."

खोलीत टाळ्या वाजल्या. फक्त विक्रीप्रमुखांनी वाजवल्या नाहीत. ते म्हणाले, "छान आहे. पण माझ्या नातीला हिच्यासमोर बसवलं, तर ती पडदाच पालथा घालेल."

"तुमच्या नातीला संयम शिकवायला हवा."

"नातीला नंतर शिकवू, बाई. विकायचं आज आहे."

हशा झाला. बाईंनी साहेबांकडे पाहिलं. मोठ्या पडद्याकडे पाठ करून ते खिडकीपाशी उभे होते आणि खिडकीच्या पडद्याच्या दोरीला गाठ मारत होते. गाठ बसली, ती सोडवली, पुन्हा मारली. मग फोन कानाला लावून ते बाहेर गेले. फोन वाजल्याचं मात्र कुणी ऐकलं नव्हतं.

पैसा आला की माणूस बदलतो, असं बाईंच्या मनात येऊन गेलं. त्यांनी ते मागे सारलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी संपवून सगळे परत आले, तर घड्याळाची चिठ्ठी फळ्यावर सगळ्यात वर. बाईंचा संयम सुटला. त्या सरळ विक्रीप्रमुखांच्या टेबलाशी गेल्या.

"हे बघा, मागायचं असेल तर समोर येऊन मागा. माझ्या पाठीमागे चिठ्ठ्या हलवायच्या, हे शाळेतली मुलंसुद्धा करत नाहीत."

विक्रीप्रमुख डब्याचं झाकण लावत होते. ते थांबले.

"बाई, मी तुमच्याशी रोज भांडतो की नाही?"

"भांडता."

"तोंडावर भांडतो की नाही?"

"तोंडावरच."

"मग मला चोरी कशाला करायला लागेल? ज्याला भांडता येत नाही, त्याला चोरी करावी लागते." त्यांनी झाकण दाबलं. "नाव तुमचं मोठं, हुद्दा मोठा. पण माणसं ओळखायचं काम थोडं चुकलं आज."

बाईंना ते लागलं. खडू चोरणाऱ्यापासून डबा पळवणाऱ्यापर्यंत एकेकाला त्यांनी नुसत्या चेहऱ्यावरून पकडलं होतं. पुढच्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली तेव्हा त्या सगळ्यांबरोबर खाली गेल्या नाहीत. दिवे विझले, खुर्च्या मागे सरकल्याचे आवाज थांबले आणि बाई कपाटाच्या आडोशाला, कुणाच्या तरी खुर्चीवर, मांडीवर डबा घेऊन बसून राहिल्या. स्वतःचंच त्यांना हसू येत होतं. या वयात लपाछपी.

दार उघडलं. पावलं ओळखीची होती, पण बाईंना ती ओळखायची नव्हती. साहेब फळ्यापाशी गेले, खाली बसले, तळातली पिवळी चिठ्ठी काढली आणि उठून ती सगळ्यात वर लावली. मग दोन बोटांनी तिचा कोपरा सरळ केला, जणू ती तिथेच होती असं वाटावं.

"अरे," बाई म्हणाल्या.

तो दचकला. चिठ्ठी पुन्हा त्याच्या हातात आली.

"तू?" बाई उठून उभ्या राहिल्या. "अरे, मालक आहेस तू. मी बिचाऱ्या त्या माणसाला नाही नाही ते बोलले. हवं होतं तर एक शब्द टाकायचास. असं चोरासारखं का?"

तो उभा राहिला. खांदे किंचित पुढे, मान खाली. हातातल्या चिठ्ठीची कड तो दुमडत होता.

बाईंनी ते उभं राहणं ओळखलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर, त्यांनी न आणताही, ते जुनं हसू आलं. मुलाच्या घशात उत्तर अडकलंय, येईल, आपल्याला फक्त थांबायचंय. त्या थांबल्या. जिन्यात कुणीतरी मोठ्याने हसत खाली गेलं. त्याचे कान लाल झाले. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या, प्रेमाने, जराही घाई न करता.

"बाई," तो म्हणाला, "असं बघू नका."

"कसं?"

"असंच. हसत."

बाईंना काय करावं कळेना. त्या हसायच्या थांबल्या, पण नजर कुठे ठेवायची हे त्यांना सुचलं नाही.

"तुम्ही बेरीज विचारायचात," तो चिठ्ठीकडे बघत म्हणाला. "मग सगळ्यांचे हात खाली करायला लावायचात. 'कुणी सांगायचं नाही. त्याला येतंय.' सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा. आणि तुम्ही समोरून. मला येत नसायचं, बाई."

"पण तू सांगायचास की! उशिरा का होईना, दर वेळी बरोबर सांगायचास."

"माझ्या पुढच्या बाकावरचा पाठीमागे हात घेऊन बोटं दाखवायचा. त्याला माझी दया यायची. किंवा कंटाळा यायचा. कधीकधी त्याचं लक्ष नसायचं. तेव्हा घंटा होईपर्यंत उभं राहावं लागायचं."

बाईंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"आणि त्या दुसऱ्या बाई? छडीवाल्या?"

"त्यांच्या तासाला बरं होतं."

"अरे, मारायच्या त्या तुला!"

"हो. पण पटकन व्हायचं. एक छडी बसली, की खाली बसता यायचं."

जिन्यातलं हसणं आता अगदी खाली, पार रस्त्यावर गेलं होतं. बाईंच्या डब्याचं झाकण त्या खुर्चीवरच राहिलं होतं. ते उचलायला त्या वळल्या, पण उचललं नाही.

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालास ते?"

"ते खोटं नाही." त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "तुम्ही चांगल्याच होता. सगळ्यांत चांगल्या. मला कधी कुणी इतका जीव लावला नव्हता. म्हणून तर सांगता आलं नाही. मारणाऱ्याबद्दल घरी जाऊन सांगता येतं, बाई. तुमच्याबद्दल काय सांगणार होतो? बाई माझ्याकडे बघून हसतात?"

बाईंना जाणवलं, की आपण पुन्हा त्याच्याकडे बघतोय. त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. तेवढ्यासाठीही त्यांना जोर लावावा लागला.

"परवा दाखवलं तेव्हा," तो म्हणाला, "ती चित्रातली... मला खोलीत थांबवेना. एवढा घोडा झालोय मी. घड्याळ विक्रीसाठी नको होतं मला. घड्याळ संपतं, बाई. संपलं की ते पुढे जातं. कुणी विचारत नाही, का आलं नाही म्हणून." त्याने दुमडलेली कड सरळ करायचा प्रयत्न केला. "पण शब्द तुमचा आहे, हे मीच सांगितलंय. ते मागे घ्यायचं नाही मला. तुम्ही ठरवाल ते."

त्याने चिठ्ठी जवळच्या टेबलावर ठेवली. वरही नाही आणि खालीही नाही. आणि दार हळूच ओढून घेत तो गेला.

त्या रात्री यजमानांनी आपणहून विचारलं, "काय गं, आज गोगलगाय नाही?" बाई म्हणाल्या, "पुरे आता ती गोष्ट." यजमानांनी वर्तमानपत्र खाली केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे नेहमीप्रमाणे फळ्यासमोर उभे राहिले. बाईंनी ती पिवळी चिठ्ठी घेतली आणि सगळ्यांच्या देखत, सगळ्यात वर लावली. मग एक कोरी चिठ्ठी काढून तिच्यावर लिहिलं आणि ती तिच्याखाली लावली. दाढीवाल्याने पुढे होऊन वाचलं.

"चित्रातली बाई मुलाकडे बघणार नाही?" त्याचा आवाज चढला. "मग कुठे बघणार?"

"खाली. तिला काहीतरी काम द्या. वह्या तपासू दे."

"बाई, त्या डोळ्यांसाठी आम्ही किती..."

"मला माहीत आहे."

विक्रीप्रमुखांनी हात जोडून नमस्कार केला. "चला, बाईंना बाजार कळला म्हणायचा शेवटी." टोमणा होता, पण त्यात राग नव्हता, जिंकलेल्या माणसाला रागाची गरज लागत नाही. बाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "परवाचं माझं चुकलं. चिठ्ठी तुम्ही हलवत नव्हता." ते म्हणाले, "मग कोण?" बाईंनी ते न ऐकल्यासारखं केलं.

मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "साहेबांनी कान पिळला असेल." दुसरं कुणीतरी म्हणालं, "नाव सोनुबाई, आणि हाती कथलाचा वाळा. पहिल्यापासून हेच होणार होतं."

दाढीवाल्यानेही ते ऐकलं. इतके दिवस घड्याळाच्या भांडणात तो बाईंच्या बाजूने उभा राहिला होता. तो जवळ आला.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, मागणारा कितीही मोठा असो, नाही म्हणायचं? खरं सांगा. साहेबांनी सांगितलं?"

काचेपलीकडे साहेब आपल्या टेबलाशी बसले होते. ते काहीतरी वाचत होते, किंवा वाचत असल्यासारखे बसले होते. बाईंनी तिकडे पाहिलं नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "साहेबांनी नाही सांगितलं."

"मग?"

"एका मुलाला विचारलं."

"कधी? आपण तर अजून एकाही मुलाला बोलावलं नाहीये."

"विचारलं एकाला."

"एकाच मुलावरून इतकं सगळं फिरवायचं?"

त्याचं उत्तर बाईंचं एकटीचं नव्हतं. दाढीवाल्याने खांदे उडवले आणि तो आपल्या जागी जाऊन बसला. बसताना त्याने खुर्ची फळ्याकडे पाठ होईल अशी फिरवली.

छोटी तेवढी रेंगाळली होती.

"तू म्हणत होतीस ना, मुलांना बोलवू या?" बाईंनी विचारलं. "बोलाव. हुशार नकोत. ज्यांना येत नाही, ती बोलाव."

"या शनिवारी जमवते." छोटीचा चेहरा खुलला. "तुम्ही समोर बसा हं बाई. तुम्हाला बघून मुलं कशी पटकन मोकळी होतात."

"मी येणार नाही."

"अहो, असं काय करता? मुलं येणार आणि तुम्ही नाही?"

"तू बस. समोर नको बसूस, बाजूला बस. हातात काहीतरी काम ठेव." बाई खुर्चीवर टेकल्या आणि पेनाचं टोपण लावू लागल्या. ते पटकन लागेना. "आणि हे बघ, कुणी मधेच उठून चाललं, तर जाऊ दे. परत ये म्हणून हाक मारू नकोस."